पुढचा सचिन की पुढचा विनोद?

भविष्य सांगायला आपल्याकडे परवाना लागत नाही. दुकानाचा गाळाही लागत नाही. चहाचा एक कप आणि समोर ऐकणारी दोन माणसं एवढ्या भांडवलावर हा धंदा कुणालाही सुरू करता येतो. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर तर अशी सात-आठ दुकानं रोज संध्याकाळी साडेपाचला उघडतात. कोणता नट संपला, कुणाचं लग्न टिकणार नाही, कोणता पुढारी पक्ष बदलणार, कोणता फलंदाज दोन वर्षांत गायब होणार... सगळं तिथे ठरतं. ज्यांच्याबद्दल ठरतं त्यांना पत्ताही नसतो, ही त्यातली मोठी सोय.

मीही या कट्ट्याची नियमित सभासद. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. इतिहास शिकवणाऱ्याला एक फायदा असतो – पानिपतावर काय होणार ते त्याला तास सुरू होण्याआधीच ठाऊक असतं, त्यामुळे भाकीत चुकायची भीती नाही! निवृत्तीनंतर मात्र ही सवलत गेली. उद्याच्या सामन्याचं काही छापील पाठ्यपुस्तक मिळत नाही.

कट्ट्यावरच्या इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून मी भविष्यवाल्यांचे तीन प्रकार पाडले आहेत. पहिला सावध. तो म्हणतो, "नीट खेळले तर जिंकतील." यांचं भाकीत आजवर कधीही चुकलेलं नाही. दुसरा अभद्र बोलणारा. पहिल्या षटकात चौकार बसला की "गेला सामना" म्हणून हा चपला घालतो. तिसरा प्रकार सगळ्यात चिवट – 'मी म्हणालोच होतो'वाले. हे कधी म्हणाले, कुणापुढे म्हणाले, याला साक्षीदार नसतो. पण निकाल लागला की यांचं भाकीत मागच्या तारखेने तयार होतं. सरकारी कचेरीत मागची तारीख घालून कागद केला तर चौकशी लागते, कट्ट्यावर लागत नाही.

आता यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. उलट चुकलेली भाकितं हा तर गप्पांचा मेवा आहे. १९८३ चा विश्वचषक आठवा. त्याआधीच्या दोन विश्वचषकांत मिळून आपण एकच सामना जिंकलो होतो, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. सट्टेबाज आपल्याला ६६ ला १ असा भाव देत होते. 'विस्डेन क्रिकेट मंथली'चे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी तर अशा संघांना या स्पर्धेत घ्यावंच कशाला, अशा अर्थाचं लिहून टाकलं होतं. २५ जूनला लॉर्ड्सवर आपण १८३ धावांत आटोपलो आणि तरीही वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवलं. मग अमेरिकेतल्या एका भारतीय वाचकाने संपादकांना पत्र धाडलं की, आता आपले शब्द खाऊन दाखवा. फ्रिथसाहेबांनी खरोखरच तो कागद तोंडात घातलेला फोटो काढून मासिकात छापला! मला हा माणूस फार आवडतो. आमच्या कट्ट्यावर हा नियम लागू केला तर निम्म्या लोकांना रात्रीचं जेवण जाणार नाही.

सिनेमावाल्यांचंही तेच. १९४८ च्या 'शहीद'साठी निर्माते एस. मुखर्जींना लताबाईंचा आवाज फार पातळ वाटला आणि त्यांनी तो नाकारला. संगीतकार गुलाम हैदर यांचं मत नेमकं उलट होतं, त्यांनी त्याच वर्षी 'मजबूर'मध्ये तिला गायला लावलं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. अमिताभ तर किती वेळा 'संपला' याची मोजदाद नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याची कंपनी कर्जात बुडाली, सिनेमे आपटले, तेव्हा आमच्या शिक्षककक्षात त्याचं श्राद्धच घातलं होतं एकीने. ३ जुलै २००० च्या रात्री 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि त्याच बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला वाटलंच होतं!" तिसरा प्रकार, दुसरं काय.

बरं, जे हाच धंदा पोटासाठी करतात त्यांची गत तरी काय वेगळी? २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी काही सहकारी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते यांना बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. एकेका ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढंच ओळखायला सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं आली २७ जणांची. सरासरी यश ४६ टक्के. म्हणजे घरी बसून नाणं उडवलं असतं तरी थोडे जास्त गुण पडले असते. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. पण प्रश्नपत्रिका कशी काढावी, हे मला त्या एका चाचणीने पुन्हा शिकवलं.

त्यांच्यापेक्षा जर्मनीतला तो पॉल ऑक्टोपस बरा. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचे सातही सामने आणि वर अंतिम सामना, आठांपैकी आठ बरोबर. जर्मनी स्पेनकडून हरणार हेही त्याने सांगितलं, तेव्हा त्याला शिजवून खायच्या धमक्या आल्या. बिचारा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेला. स्वतःचं भविष्य मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याची एक गोष्ट मला आवडायची – बरोबर आलं म्हणून तो कुणाला उपदेश करत नसे.

आणि इथेच मला जे म्हणायचंय ते सुरू होतं.

भाकीत चुकलं की आपण हसतो आणि विसरतो. ते बरोबर आलं, किंवा बरोबर आल्यासारखं वाटलं, की आपण त्याची नीतिकथा करतो. मग ती कथा मुलांना सांगतो. ससा-कासवाची सांगतो तशीच. फरक एवढाच की ससा आणि कासव आपल्या शेजारी राहत नाहीत, पेपर वाचत नाहीत आणि आजारी पडून दवाखान्यात जात नाहीत.

परवा बागेशेजारच्या मैदानावर एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा बॅटिंग करत होता. छान खेळत होता. मग एक उंच फटका मारला आणि झेल गेला. कडेला उभे असलेले त्याचे वडील ओरडले, "कांबळी व्हायचंय का तुला?" मुलगा मान खाली घालून परतला. त्याला विनोद कांबळीचा खेळ पाहणं वयामुळेच शक्य नव्हतं. पण कांबळी म्हणजे काय ते त्याला बरोबर कळलं होतं. एका जिवंत माणसाचं नाव आपण शिवीसारखं वापरायला लागलोय, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नाव विनोद, म्हणून काय त्याचा विनोदच करायचा?

मूळ गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तिच्यात दोनच मुलं नव्हती.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. दोघंही नाबाद. सचिन ३२६, विनोद ३४९. इथून कथेचे दोन रस्ते फुटतात. एक मुलगा शिस्तीने चालला, तो भारतरत्न झाला. दुसरा भरकटला, तो वाया गेला. तात्पर्य – बाळांनो, नुसती गुणवत्ता पुरत नाही. टाळ्या. घंटा झाली, तास संपला.

शिक्षकांना ही गोष्ट फार सोयीची, हे मी शिक्षिका म्हणूनच सांगते. दोन बाजू, एक तात्पर्य, फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली की झालं. पण इतिहास शिकवणारी म्हणून मला ही रेघ खुपते.

पहिली अडचण म्हणजे 'वाया गेला' या शब्दांत बसणार नाही इतकं त्या मुलाने केलंय. कांजूरमार्गच्या चाळीतला, कारखान्यात काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा, लोकलच्या गर्दीत किट सांभाळत शिवाजी पार्कला यायचा. १९९३ साली त्याने वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ काढल्या आणि लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. त्याच वर्षी श्रीलंकेत आणखी दोन शतकं. कसोटीतल्या हजार धावा चौदा डावांत. एवढ्या लवकर तिथे पोचणारा दुसरा भारतीय अजून झालेला नाही. मग वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत धावा आटल्या, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी. तेव्हा वय तेवीस. एकूण कसोट्या सतरा, सरासरी ५४.२०. एकदिवसीय सामने शंभरावर. सतरा कसोट्या खेळून ५४ ची सरासरी राखणाऱ्याला 'वाया गेला' म्हणणारे आपण कोण? आमच्या कट्ट्यावरच्या एकाही सद्गृहस्थाची कशातही ५४ ची सरासरी नाही, रक्तातली साखर सोडली तर.

त्याच्याकडून चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. काही त्याने स्वतःही बोलून दाखवल्या आहेत. पण चूक आणि शिक्षा यांचं प्रमाण बघायला नको? तेवीस-चोवीसचं वय चुका करायचंच असतं. काहींच्या चुका पदरात घेतल्या जातात, काहींच्या फळ्यावर लिहिल्या जातात.

दुसरी अडचण आपल्या नायकाचीच. सचिनचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं आज वाटतं. पण मार्च २००६ मध्ये त्याच वानखेडेवर तो एका धावेवर बाद झाला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. तोही 'संपला' होता. २००७ मध्ये मोठमोठ्यांनी त्याला निवृत्तीचा सल्ला दिला. पुढे २०१० मध्ये ग्वाल्हेरला एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक, २०११ ला त्याच वानखेडेवर विश्वचषक, २०१२ ला शंभरावं शतक. २००७ ला तो खरंच थांबला असता, तर आपल्या नीतिकथेचं तात्पर्य काय झालं असतं? काहीतरी झालंच असतं. आपण तात्पर्य शोधण्यात पटाईत आहोत.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. त्या मैदानावर एक तिसरा मुलगा होता. पुढचा फलंदाज. पॅड बांधून तो बसला, ते ही भागीदारी संपेल म्हणून. ती संपलीच नाही. डाव घोषित झाला आणि त्याने पॅड सोडले. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

या मुलाचं काय करायचं? आपल्या कथेत त्याला जागाच नाही. शिस्त म्हणाल तर कडक. गुरू म्हणाल तर तेच, आचरेकर सर. १९९४ मध्ये मुंबईकडून प्रथम श्रेणीच्या पदार्पणातच २६० धावा, तो तेव्हा जागतिक विक्रम होता. 'पुढचा सचिन' ही पाटी त्याच्या गळ्यात लगेच अडकवली गेली. मग वीस वर्षं खेळला. ११ हजारांवर धावा, तीस शतकं, कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक मुंबईला मिळवून दिला. आणि भारताकडून सामने? शून्य. एकही नाही. कसोटी नाही, एकदिवसीय नाही.

शिस्तीचं फळ मिळतंच असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. उत्तर साधं आहे, पण ते नीतिकथेत बसत नाही. त्या काळात मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. जागा चार आणि चौघंही तिथेच ठाण मांडून. आणि ज्योतिषावर विश्वास असलेल्यांसाठी एक तपशील – व्ही. व्ही. एस. लक्ष्मणचा जन्म १ नोव्हेंबर १९७४ चा, अमोल मुझुमदारचा ११ नोव्हेंबर १९७४ चा. दहा दिवसांचा फरक. एकाच्या वाट्याला १३४ कसोट्या, दुसऱ्याच्या एकही नाही. कोणता ग्रह त्या दहा दिवसांत घर बदलून गेला ते कुणी सांगेल का?

आमच्या पिढीला हे नवं नाही. पॅडी शिवलकर आठवतात ना? प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात त्याच हाताने तशीच गोलंदाजी करणारा बिशनसिंग बेदी होता. शिवलकरांनी काय कमी मेहनत केली होती? २०२५ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन मिनिटं कुणी भाकीत केलं नाही. एवढा मान त्यांना मिळाला.

आणि हो, त्या मैदानावर चौथाही मुलगा होता. झेवियर्सकडून गोलंदाजी करणारा, ज्याला त्या दोघांनी धू धू धुतलं, तो साईराज बहुतुले. त्या संध्याकाळी कट्टा भरला असता तर "या पोराने आता अभ्यासात लक्ष घालावं" हे एकमताने ठरलं असतं. हा मुलगा पुढे भारताकडून खेळला, दोन कसोट्या, आणि प्रथम श्रेणीत सहाशेवर बळी घेतले. म्हणजे ज्याला मार पडला तो कसोटी खेळला आणि जो पॅड बांधून तयार होता तो नाही. फळ्यावरची रेघ आता कुठून काढायची?

अमोलची गोष्ट तिथेच संपली असती तर ती एक हळहळ म्हणून राहिली असती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला. "स्वतः भारताकडून एक सामना न खेळलेला माणूस काय शिकवणार?" हे आमच्याकडे लगेच विचारून झालं. (मी यावर एवढंच म्हणाले की, मी शिवाजी महाराज शिकवले, त्यासाठी मला अफजलखानाला भेटावं लागलं नाही.) २०२५ च्या विश्वचषकात आपल्या मुली ओळीने तीन सामने हरल्या – दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. तेव्हाची भाकितं काय वर्णावी! सगळ्यांना घरी बसवून झालं. जेमिमा रॉड्रिग्जला तर इंग्लंडविरुद्ध संघातून वगळलंही होतं. त्याच जेमिमाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढल्या आणि ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं. अंतिम सामन्यात ८७ धावा कुणाच्या? शफाली वर्माच्या, जी मूळ संघात नव्हतीच; प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन वेळी बोलावलेली. २ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून मुलींनी करंडक उचलला. हरमनप्रीत आपल्या सरांच्या पाया पडली आणि मग गळ्यात पडून रडली. मीही रडले. आमच्याकडे रात्री बाराला दूध आटवून सगळ्यांना दिलं.

आता गंमत बघा. दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर नवी नीतिकथा तयार! "बघा, संयमाचं फळ मिळतंच." अहो, कुठे मिळतं? अमोलला मिळालं, आनंद आहे. शिवलकरांना कुठे मिळालं? आणि समजा शफालीचा त्या रात्री पहिलाच झेल घेतला गेला असता, तर अमोलचा संयम काय खोटा ठरला असता? फळ मिळालं म्हणून कष्ट मोठे आणि नाही मिळालं म्हणून छोटे, हा हिशेब मला पटत नाही. पॅड बांधून बसलेल्या मुलाची किंमत आपण त्याच दिवशी करायला हवी. त्यासाठी सदतीस वर्षं निकालाची वाट कशाला बघायची?

आणि आपण बघतो तरी कुठे? एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक सचिनचं, असं शंभरातले नव्वद लोक छातीठोकपणे सांगतील. पुरुषांमधलं पहिलं त्याचं, हे खरं. पण डिसेंबर १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ काढल्या होत्या, आणि त्याही कुठे, तर आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर. सचिन लहानाचा मोठा झाला त्या साहित्य सहवासाच्या शेजारी! तेव्हा आमचे सगळे भविष्यवाले दुसरीकडे तोंड करून बसले होते. ज्याच्यावर दिवा आहे त्याचंच भविष्य सांगायचं, ही या धंद्यातली जुनी खोड.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. व्यासपीठावर सचिन आणि विनोद दोघंही होते. त्या दोघांच्या भेटीची चित्रफीत दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. विनोदची तब्येत बरी नव्हती हे कुणालाही दिसत होतं, त्याच महिन्यात त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि त्या चित्रफितीखाली लोकांनी काय लिहावं? "बघा आणि शिका." "एकाच शाळेतले दोघे." मला पाच वेगवेगळ्या गटांतून तो उपदेश आला, दोन तर आपल्याच घरातल्या गटांतून. (ज्यांनी पाठवला त्यांना मी फोन करून बोलले आहे, इथे नावं घेत नाही. दिवाळीला भेटायचंय.)

मंडळी, आजारी माणसाची विचारपूस करतात. त्याच्याकडे बोट दाखवून पोरांना धडा देत नाहीत. एवढं आपल्या आजीलाही कळत होतं, आणि ती शाळेत गेली नव्हती.

कुणी म्हणेल, बाई, मग मुलांना शिस्त शिकवायचीच नाही का? शिकवा की! पहाटे उठवा, नेटमध्ये शंभर चेंडू खेळायला लावा, किट स्वतःचं स्वतः उचलायला लावा. आचरेकर सर स्टंपवर नाणं ठेवायचे, बाद न होता खेळशील तर तुझं. यात शिस्तही आली आणि गंमतही आली. पण "असं केलंस तर अमक्यासारखा होशील" ही शिस्त नव्हे, ही भीती. भीतीने मुलगा उंच फटका मारायचं सोडेल, पण चांगला फटका मारायला शिकणार नाही.

पालकसभेला आया-बाप हमखास विचारायचे, "बाई, काय होईल हो याचं पुढे?" माझं उत्तर ठरलेलं असे. "सहामाहीपर्यंतचं विचारा, तेवढं सांगते." काही जण नाराज होऊन जायचे. पण सहामाहीपर्यंतचं सांगण्यात एक फायदा असतो, सहामाहीपर्यंत काहीतरी करताही येतं.

आता तुम्हाला वाटेल, या बाई कट्टा बंद करायला निघाल्या. मुळीच नाही. फक्त माझे चार नियम सुचवते, पटले तर घ्या.

पहिला, सामन्याचं भाकीत करा, माणसाचं नको. सामना रात्री संपतो, माणसाला दुसऱ्या दिवशी उठायचं असतं. दुसरा, भाकीत वहीत तारीख घालून लिहा, म्हणजे 'मी म्हणालोच होतो'चा रोग आपोआप बरा होईल. (मी दोनशे पानी वही नेऊन ठेवली आहे. आठवडाभरात तिसऱ्या प्रकारच्या सभासदांची हजेरी कमी झाली.) तिसरा, अठरा वर्षांच्या आतल्या कुणाचंही भविष्य सांगायचं नाही. आणि चौथा, ज्याचं चांगलं झालं नाही त्याच्या आयुष्यातून तात्पर्य काढायचं नाही. तात्पर्य काढायची फारच सवय असेल तर इसापनीती आहे, प्राणी तक्रार करत नाहीत.

तिसऱ्या नियमावर सध्या सगळ्यात जास्त भांडण आहे. कारण तो बिहारच्या समस्तीपूरचा वैभव सूर्यवंशी. २८ एप्रिल २०२५ ला आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सचिनही आझाद मैदानावर चौदाचाच होता, हे कुणीतरी काढलंच, आणि त्या दिवसापासून कट्टा दुभंगला – पुढचा सचिन की पुढचा विनोद? मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, पुढचा वैभव. यावर दोन्ही पक्ष माझ्यावर चिडले, म्हणाले हे सावध प्रकारात मोडतं.

मोडू दे. चौदा वर्षांच्या मुलाबद्दल सावध बोललेलं काय वाईट? त्याला शतक मारताना बघावं, टाळ्या वाजवाव्या, उद्या शून्यावर बाद झाला तर "खेळात चालायचंच" म्हणून चहा प्यावा. बाकी त्याचं तो बघेल.

असो. फार लांबलं.

ता. क. – एक भाकीत मी वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे. हे वाचून पहिला फोन नागपूरच्या भाच्याचा येणार आणि तो म्हणणार, "मावशी, हे तर मी तुला आधीच म्हणालो होतो."